रात्रीचं मागचं आवरताना: घासण्याआधी भिजवा, पण नीट

खरकटं ओल्या कचऱ्यात, उरलेली भाजी छोट्या डब्यात, हे सांगायला लेख लागत नाही. क्रमही ठाऊक असतो: आधी पेले-वाट्या, मग ताटं, शेवटी तेलकट कढई. तिच्यातलं तेल रद्दी कागदाने पुसून काढा, सिंकमध्ये ओतू नका.

घोळ होतो तो भिजवताना. 'सगळं गरम पाण्यात घाला' म्हणणाऱ्याने कणकेची परात कधी घासलेली नसावी. कणीक, दूध, अंडं यांना थंड पाणी. गरम पाण्यात पिठाची खळ होते, ती घासणीत अडकते, आणि मग घासणीच धूत बसावं लागतं. गरम पाणी तूप-तेलाला. लोखंडी तवा मात्र भिजत टाकूच नका, सकाळपर्यंत गंज धरतो.

आता करपलेलं दुधाचं पातेलं. यावर मी बरीच वर्षं हात झिजवलेत. पहिल्यांदा खीर खाली लागली तेव्हा तारेची घासणी घेऊन अर्धा तास घासलं. पातेलं लख्ख झालं, पण नंतर दूध दर वेळी नेमकं त्याच जागी लागायला लागलं. उजेडात धरून पाहिलं तर तळभर ओरखडे. ते पातेलं आता झाडांना पाणी घालायला.

मग सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा उपाय केला. फेस बघायला झकास. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात. फेस बसला की मागे उरतं ते खारट पाणी. दोन्ही कामाच्या वस्तू आहेत, पण वेगवेगळ्या. एकत्र म्हणजे दोन्ही वाया.

स्टीलच्या पातेल्यात करपलेला भाग बुडून वर दोन बोटं राहील इतकं पाणी घ्या, 2 मोठे चमचे खाण्याचा सोडा टाका आणि मंद आचेवर 10 मिनिटं उकळा. समोरून हलू नका, सोडा उतू गेला की शेगडीही घासायला लागते. मग गॅस बंद करून पातेलं तसंच सोडा. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो! पूर्ण गार होऊ द्या, रात्रभर राहिलं तर उत्तम. सकाळी लाकडी उलथणं कडेला लावा. काळा थर पापुद्र्यासारखा उचलला गेला तर झालं. नाही उचलला, तर पुन्हा उकळा. जोर लावायचा नाही म्हणजे नाही.

अ‍ॅल्युमिनियमला हे चालत नाही, सोड्याने ते काळं पडतं. तिथे चिंचेचं पाणी किंवा पिळलेल्या लिंबाच्या साली उकळा. अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरच्या तळाच्या पाण्यात रोज एक साल टाकलीत, तर तो आतून काळा पडायचाच थांबतो.

ओटा शेगडीकडून सिंककडे पुसा. फडकं पिळून दांडीवर मोकळं पसरा; नळाशी बोळा करून ठेवलंत तर सकाळी चहा करताना आधी त्याचाच वास येतो.