मांजरांतला रेबीज मोजताना या चुका टाळा

मांजरांच्या रेबीजवर प्रबंध लिहायला घेतलेल्या विद्यार्थ्याच्या पहिल्याच तक्त्यात हमखास एक चूक असते. समजा, प्रयोगशाळेत 20 मांजरांचे मेंदू आले आणि 8 पॉझिटिव्ह निघाले. लगेच वाक्य तयार: 'शहरातल्या मांजरांत रेबीजचं प्रमाण 40 टक्के.' अरे बाबा, ती 20 मांजरं आली कुठून? कुणाला तरी चावली, लाळ गाळत होती, अंगावर धावून गेली, म्हणून आली. मासळीवालीच्या पाटीशेजारी निवांत बसलेल्या मांजराचं डोकं कुणी प्रयोगशाळेत पाठवत नाही. हे 40 टक्के संशयितांमधले आहेत. शहरातल्या मांजरांचा त्या भागाकारात पत्ताच नाही.

त्यातून रेबीज हा असल्या टक्केवारीला न बसणारा आजार. लक्षणं दिसू लागली की मांजर साधारण दहा दिवसांच्या आत मरतं. त्याआधीचे काही आठवडे, कधी महिने, विषाणू मज्जातंतूंमधून मेंदूकडे सरकत असतो आणि रक्तात सापडत नाही. एका दिवशी अख्ख्या गावातली मांजरं धरून तपासली तरी हाती जवळजवळ शून्य येईल. एफआयव्हीसारखा जन्मभर अंगात राहणारा विषाणू असता, तर 'आज किती टक्के' विचारण्यात अर्थ होता. रेबीजला विचारायचं ते 'वर्षभरात नवे किती'. मी विद्यार्थ्यांना टक्केवारीचा रकाना शेवटपर्यंत रिकामा ठेवायला लावतो. भागाकारात खाली नेमकी कोणती मांजरं आहेत, ते आधी एका पूर्ण वाक्यात लिहून दाखव. जमलं नाही तर रकानाच खोडायचा. घाईतल्या मंडळींना हे आवडत नाही.

रक्तातल्या अँटिबॉडी मोजून 'प्रादुर्भाव' काढणाऱ्यांसाठी एकच ओळ: त्यातून बहुतेक वेळा मांजराला लस मिळाली होती एवढंच कळतं.

आता फॉर्मलिन, म्हणजे नमुना सडू नये म्हणून वापरायचं रसायन. यावर मी कितीही वेळ बोलू शकतो. तालुक्याच्या गावाहून फोन आला. घरचा बोका दोन दिवस कॉटखाली अंधारात दडून होता, आजी दूध द्यायला वाकल्या तर त्यांच्या मनगटालाच लटकला, मग नातवाला ओरबाडलं, आणि नंतर मेला. डोकं बर्फावर पाठवा, असं दोनदा बजावलं. एसटीच्या पार्सलनं आली ती लोणच्याची बरणी, काठोकाठ फॉर्मलिन, आणि त्यात अख्खं डोकं. सडू नये म्हणून घातलं, म्हणे! कवटीमुळे फॉर्मलिन आत धड पोहोचत नाही. मेंदू बाहेरून कडक झाला होता आणि आतून सडलेला. ताज्या मेंदूचा स्मीअर, म्हणजे काचेवर पातळ ठसा काढून, विषाणू चमकवून दाखवणारी फ्लुरोसंट अँटिबॉडी चाचणी केली तर काही तासांत निकाल लागतो. फॉर्मलिनमधल्या मेंदूवर ती नेहमीची चाचणी चालत नाही. नीट मुरवलेल्या तुकड्याचे काप काढून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे कापातला विषाणू अँटिबॉडीनं रंगवून पाहणं, करता येते, पण त्याला दिवस लागतात, आणि इथे तर तुकडाही धड नव्हता. आजी आणि नातवाची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन) चावल्या दिवशीच सुरू झालं होतं म्हणून बरं. अहवालाची वाट पाहून लस लांबवायची नसते.

खरा संताप मला वर्षअखेरीला आला. तक्त्यात तो बोका 'निगेटिव्ह'मध्ये बसवलेला! तपासताच न आलेला नमुना निगेटिव्ह नसतो. त्याला 'अयोग्य नमुना' असा वेगळा रकाना द्यायचा, आणि तो रकाना फुगला असेल तर तेही छापायचं.

माझी पद्धत जुनीच आहे. डोकं दोन जाड प्लास्टिक पिशव्यांत, ते थर्माकोलच्या डब्यात, भोवती बर्फाच्या पिशव्या. कापणाऱ्यानं आधीच रेबीजची लस घेतलेली हवी. हातमोजे, मास्क, चष्मा हवाच. मेंदू काढून पाठवत असाल तर मस्तिष्कस्तंभ आणि लहान मेंदू विसरू नका. बर्फ मिळतच नसेल तर ग्लिसरॉल-सलाइन चालेल. आणि डोक्यात काठी घालून मारलेलं मांजर पाठवू नका, आत तपासायला काही उरत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या पेशींत निग्री बॉडी, म्हणजे रेबीजचे खास ठिपके, दिसल्या नाहीत म्हणजे रेबीज नाही, हे 1903 सालच्या पद्धतीवरचं प्रेम आता पुरे.

अमेरिकेचे आकडे इथे चिकटवणारेही भेटतात. तिथे दरवर्षी दोनशेहून जास्त मांजरं पॉझिटिव्ह निघतात, कुत्र्यांपेक्षा जास्त. पण 2007 मध्ये तो देश कुत्र्याकडून कुत्र्याकडे पसरणाऱ्या रेबीजपासून मुक्त जाहीर झाला. तिथल्या मांजरांना रेबीज रॅकून, स्कंक अशा जंगली प्राण्यांकडून होतो. आपल्याकडे मांजराला बहुधा पिसाळलेलं कुत्रंच चावलेलं असतं, म्हणून मांजरांचा आकडा कुत्र्यांच्या लसीकरणाशेजारी ठेवूनच वाचायचा. गोव्यात कुत्र्यांना घरोघर आणि रस्तोरस्ती लस टोचली गेली आणि 2021 मध्ये ते 'रेबीज नियंत्रित' राज्य जाहीर झालं. मांजरांवर लिहिणाऱ्यानं तिथली कुत्र्यांची आकडेवारी आधी वाचावी.

जन्मापासून डगमगत चालणारं, पण खातं-पितं पिल्लू दिसलं की 'संशयित' लिहू नका. आईच्या पोटात असताना पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या आजाराच्या विषाणूनं लहान मेंदू खुरटला की असंच होतं. कुत्र्याचं गोचिडाचं औषध चोळलेलं मांजरही थरथरतं, म्हणून आधी मालकाला ते विचारा.

राहिला दहा दिवसांचा नियम. माणसाला चावलेलं मांजर दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचं, पण त्या माणसाची लस पहिल्याच दिवशी सुरू करून. दहा दिवसांनंतरही मांजर ठणठणीत असेल तर पुढचे डोस डॉक्टरांना विचारून थांबवता येतात. मांजर पळालं असेल तर कोर्स पूर्ण करायचा, आणि नोंदीत 'निरोगी' न लिहिता 'बेपत्ता' लिहायचं.