मालगुडी एकत्र वाचताना: सीमाभागातल्या वाचक मंडळासाठी सहा आठवड्यांची आखणी

आर. के. नारायण यांच्यावर प्रेम करणारे वाचक बेळगाव, खानापूर, निपाणीकडे भरपूर आहेत. पण त्यातल्या बऱ्याच जणांनी मालगुडी, म्हणजे नारायण यांच्या गोष्टींमधलं काल्पनिक गाव, पाहिलंय ते दूरदर्शनवर, नाहीतर मराठी अनुवादातून. मूळ इंग्रजी पुस्तक हातात घ्यायला माणूस बिचकतो. ही आखणी त्यांच्यासाठी आहे. नारायण घरात तमिळ बोलत, म्हैसुरात कन्नड ऐकत आणि इंग्रजीत लिहीत. घरात मराठी, बाजारात कन्नड, कागदावर इंग्रजी असं जगणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला त्यांची वाक्यं जितकी जवळची वाटतील तितकी पुण्या-मुंबईच्या वाचकालाही वाटणार नाहीत, असं आमचं ठाम मत आहे.

सुरुवात 'स्वामी अँड फ्रेंड्स'पासूनच करा. 1935 साली आलेली ही पहिली कादंबरी दोनशे पानांच्या आतली आहे, प्रकरणं एकोणीस आणि वाक्यं छोटी. 'द गाइड'ला साहित्य अकादमी मिळाली म्हणून तिथून सुरुवात करायचा मोह होतो, तो टाळा. तिच्यात काळ मागेपुढे होतो, निवेदक बदलतो. इंग्रजी वाचायची सवय नसलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात दमतो आणि पुढच्या बैठकीला येत नाही.

मंडळ आठ ते बारा जणांचं असावं. पाचपेक्षा कमी असले तर दोघं गैरहजर राहिले की बैठक मोडते. पंधराच्या वर गेले की चार जण बोलतात आणि बाकीचे भिंतीकडे बघत बसतात. निदान दोन तरी कन्नड मातृभाषेची माणसं घ्याच, का ते पुढे येईल. प्रत्येकाकडे स्वतःची प्रत हवी. मोबाइलवर वाचणाऱ्याला खुणा सहज करता येत नाहीत आणि चर्चेत 'ते कुठं होतं' शोधण्यातच वेळ जातो. नारायण यांनी म्हैसुरात काढलेल्या 'इंडियन थॉट पब्लिकेशन्स'ची साधी आवृत्ती पुरेशी आहे. आवृत्त्या वेगवेगळ्या असल्या तर पान क्रमांक जुळत नाहीत, म्हणून ठिकाण सांगताना नेहमी प्रकरण सांगा.

वेळ ठरवताना गावाचं वेळापत्रक बघा. शहरात गणपती ते दसरा कुणी सापडत नाही. खानापूरकडे रोप लावण आणि सुगी या दोन्ही वेळा गेल्याच. संक्रांतीनंतरचे सहा आठवडे सगळ्यात बरे, मार्चच्या परीक्षांच्या आत काम उरकतं. मात्र थंडीत गावोगावच्या मराठी साहित्य संमेलनांचे रविवार असतात, म्हणून शनिवार संध्याकाळ धरा. दीड तास पुरे. जागा वाचनालयाची मिळाली तर उत्तम, नाहीतर कुणाच्या तरी घरचा सोपा.

पहिल्या बैठकीत लेखकाचं चरित्र सांगू नका. 10 ऑक्टोबर 1906चा जन्म, पद्मविभूषण, राज्यसभेतलं दप्तराच्या ओझ्यावरचं भाषण, हे सगळं खरं आहे आणि सांगण्याजोगंही आहे. पण त्यावर वीस मिनिटं गेली की लोक पुस्तकाकडे आदरानं बघायला लागतात, आणि आदरानं बघितलेलं पुस्तक हसत वाचता येत नाही. थेट पहिलं प्रकरण उघडा: सोमवारची सकाळ आणि डोळे उघडायचा कंटाळा आलेला शाळकरी स्वामीनाथन, म्हणजे आपला स्वामी.

मोठ्यानं वाचन हाच या पद्धतीचा कणा आहे. सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द होतात, म्हणजे बारा मिनिटांत साधारण चार पानं. प्रत्येक बैठकीत एवढंच मोठ्यानं वाचा, उरलेलं घरी. एकेकानं एकेक परिच्छेद घ्यावा. उच्चार कुणी दुरुस्त करायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. मराठी माध्यमातून शिकलेली माणसं गप्प बसतात ती इथंच. मंडळात इंग्रजीचे निवृत्त शिक्षक असतील तर त्यांना आधी बाजूला घेऊन विनंती करा. दुसऱ्या प्रकरणात स्वामीच्या वर्गात नवा आलेला राजम भेटतो, तो अगदी साहेबासारखं इंग्रजी बोलतो, आणि म्हणूनच शाळेत फार थोड्यांना ते कळतं, असं नारायण सांगून टाकतात. हा भाग लाजाळू माणसाकडून वाचून घ्या. भीती मोडायला दुसरं औषध लागत नाही.

वाचून झालं की पुस्तक मिटून तोच प्रसंग कुणीतरी आपल्या बोलीत सांगायचा, 'काय करालास' म्हणणाऱ्या बोलीत. वाक्यागणिक भाषांतर करायचं नाही. केलं की विनोद मरतो. नारायण यांचा विनोद शब्दात क्वचितच असतो. मुलगा आपलं म्हणणं किती गंभीरपणे घेतो आणि मोठ्यांना त्याचा पत्ताही नसतो, या फरकात तो असतो. प्रसंग पुन्हा सांगताना तो फरक हाताला लागतो. शब्दकोश फक्त घरी, तोही पानाला तीन शब्दांपुरता.

प्रकरणांची वाटणी अशी करा: पहिल्या आठवड्यात एक ते तीन, मग चार ते सात, आठ ते अकरा, नंतर फक्त बारा आणि तेरा, पाचव्यात चौदा ते सतरा आणि शेवटी अठरा-एकोणीस.

चौथं प्रकरण 'शेपूट म्हणजे काय' या प्रश्नाचं आहे. राजमच्या मागं फिरतो म्हणून मुलं स्वामीला शेपूट म्हणतात. इथं कन्नड सदस्यांना विचारा. कन्नडमध्ये शेपटीला बाल म्हणतात आणि चिडवणं तसंच्या तसं बसतं. दहाव्या प्रकरणातला जटका त्यांना लगेच कळेल, आपल्याला टांगा आठवेल. अशा जागी पुस्तक इंग्रजी राहतच नाही.

अकराव्यासाठी थोडी तयारी लागते. वडील गणित घालतात: रामाकडे दहा आंबे आहेत, त्याला पंधरा आणे मिळवायचेत, कृष्णाला चारच आंबे हवेत, तर कृष्णानं किती आणे द्यायचे? स्वामीला आधी आंबे पिकलेत की कच्चे हे कळायला हवं असतं. तरुण सदस्यांना आणे ठाऊक नसतात, म्हणून आधी सांगून ठेवा: रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै. एका आंब्याला दीड आणा, चाराचे सहा आणे. उत्तर आधी कळलेलं असलं की लक्ष गणितावरून उडतं आणि त्या पोराच्या घुसमटीवर जातं. हे पान भारतीय इंग्रजीतल्या सर्वांत सुंदर पानांपैकी एक आहे. घाईत उरकू नका.

बाराव्यात 15 ऑगस्ट 1930 ही तारीख येते. कुणीतरी हमखास म्हणतं, छपाईची चूक आहे. चूक नाही. पुस्तक 1935चं, स्वातंत्र्याच्या आधी बारा वर्षं. तो निव्वळ योगायोग. या प्रकरणात परदेशी कापडाची होळी आहे, शाळेच्या फुटलेल्या काचा आहेत. आंदोलनं पाहत वाढलेल्या सीमाभागात इथं चर्चा भरकटते आणि आपल्याच प्रश्नावर जाते. दहा मिनिटं जाऊ द्या, मग एवढंच विचारा: काच फोडताना स्वामीला राग कुणाचा आला होता? पुस्तक परत हातात येतं.

तेराव्यात क्रिकेट क्लब निघतो आणि स्वामीला इंग्लंडच्या टेट या गोलंदाजाचं नाव मिळतं. लेखकाची गोष्ट सांगायची ती इथं. हस्तलिखिताचं नाव होतं 'स्वामी, द टेट'. प्रकाशकांकडून नकारावर नकार आले. नारायण यांनी ऑक्सफर्डमधल्या मित्राला ते थेम्समध्ये बुडवायला कळवलं. त्यानं ते इंग्लिश कादंबरीकार ग्रॅहम ग्रीनना दाखवलं. ग्रीननी प्रकाशक मिळवून दिला आणि नावही बदलून घेतलं. बारा प्रकरणं वाचून झालेल्या माणसाला हे ऐकताना खरोखर धस्स होतं. पहिल्या दिवशी ऐकलं असतं तर ती नुसती माहिती झाली असती.

शंकर नाग यांची 'मालगुडी डेज' मालिका शेवटच्या बैठकीनंतरच बघा. आधी बघितली तर तिच्यात स्वामी झालेल्या मास्टर मंजुनाथचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही आणि आपला स्वामी तयारच होत नाही. चित्रीकरण शिवमोग्गा जिल्ह्यातल्या आगुंबेत झालं. सहल काढणार असाल तर जून ते सप्टेंबर सोडा, तिथला पाऊस देशातल्या सर्वाधिक पावसांपैकी आहे. वाटेत अरसाळूचं जुनं स्थानक मालगुडी संग्रहालय म्हणून जपलंय, तेही बघा.

एकोणिसावं प्रकरण मात्र एकाच आवाजात, सलग वाचायचं. आवाज आधी ठरवून ठेवा. राजमची गाडी सुटते, स्वामीनं आणलेली पुस्तकाची भेट खिडकीतून जाते, आणि राजमच्या मनात काय होतं हे नारायण सांगत नाहीत. वाचून झाल्यावर लगेच 'तात्पर्य काय' असं कुणी विचारलं तर त्याला हातानं थांबवा आणि चहा आणा.

पुढचं पुस्तक कोणतं, यावर वाद होतो. 'द इंग्लिश टीचर' (1945) अपूर्व आहे, पण त्यामागं 1939मध्ये विषमज्वरानं गेलेली लेखकाची पत्नी आहे. मंडळात कुणाच्या घरी नुकतंच दुःख झालं असेल तर थांबा. आमची पसंती 'द फायनान्शियल एक्स्पर्ट'ला (1952). सहकारी बँकेसमोरच्या वडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसलेला, शेतकऱ्यांना कर्जाचे अर्ज भरून देणारा मार्गय्या ज्यांनी सोसायटी आणि पतसंस्था जवळून पाहिल्यात त्यांना ओळखायला वेळ लागत नाही. पहिल्या बैठकीला सोसायटीत हिशेब सांभाळलेली एखादी निवृत्त व्यक्ती बोलवा आणि जामीनदार, हप्ता, थकबाकी हे शब्द तिच्याकडून समजून घ्या.