जुन्या गाडीला मागे स्वतंत्र सस्पेन्शन बसवताय? या चुका टाळा

लाइव्ह ॲक्सलची, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच कडक आडव्या ॲक्सलने जोडलेली जुनी गाडी खडबडीत वळणावर मागून आडवी सरकते. एका चाकाला बसलेला धक्का ॲक्सल सरळ दुसऱ्या चाकाला देतो, आणि डिफरन्शियलसकट (इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारी गिअरची पेटी) ते सगळं लोखंड स्प्रिंगांच्या खाली चाकांबरोबर उडत असतं. डिफरन्शियल बॉडीला बांधून प्रत्येक चाकाला स्वतःचा आर्म दिला की हे दोन्ही त्रास कमी होतात. त्यामुळे हा बदल करावासा वाटणं अगदी रास्त आहे. पण तो करताना होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो, जो आधी विचारलेलाच नसतो: ॲक्सल आजवर जो जोर स्वतःच्या अंगावर घेत होता, तो आता कोण घेणार?

डिफरन्शियल नुसतं टांगणं

गाडी जोर लावते तेव्हा पिनियनचं नाक, म्हणजे इंजिनकडून येणारा शाफ्ट जोडतात ते डिफरन्शियलचं पुढचं टोक, वर उठू पाहतं. जुन्या रचनेत त्याला पाटे (पट्ट्यांचे स्प्रिंग) आवरतात. नव्या रचनेत ते काम डिफरन्शियलच्या माउंटिंगचं. हिशेब मांडून बघा. इंजिनचा टॉर्क १५० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३.५, क्राउन-पिनियनचं, म्हणजे डिफरन्शियलमधल्या गिअरजोडीचं गुणोत्तर ४. गुणाकार २,१०० न्यूटन-मीटर. पुढच्या आणि मागच्या माउंटिंगमध्ये ४० सेंटिमीटर अंतर असेल, तर दोन्ही टोकांवर ५,२५० न्यूटन, म्हणजे जवळपास ५३५ किलो वजनाइतका जोर येतो. क्लच झटक्यात सोडला तर त्याहून बराच जास्त. मागच्या फ्लोअरच्या पातळ पत्र्याला हे झेपत नाही. पत्रा आधी लवतो, मग वेल्डच्या कडेने चिरतो.

माझदा एमएक्स-५ चं डिफरन्शियल छोट्या जुन्या गाड्यांसाठी अनेकांना आवडतं. त्या गाडीत डिफरन्शियलचं नाक एका लांब ॲल्युमिनियम फ्रेमने थेट गिअरबॉक्सला जोडलेलं असतं. ती फ्रेम मागे ठेवून फक्त डिफरन्शियल आणलं, तर नाक धरायला काहीच उरत नाही. त्यासाठी वेगळा क्रॉसमेंबर, म्हणजे आडवा आधार, करावाच लागतो.

१९६१ मध्ये ई-टाइपबरोबर आलेलं जॅग्वारचं मागचं सस्पेन्शनही असंच लोकप्रिय. त्यात खालच्या आर्मपासून पुढे बॉडीकडे जाणारे रेडियस आर्म असतात. जागा नाही म्हणून ते गाळले जातात, आणि चाकाला पुढे-मागे ढकलणारा सगळा जोर आर्मच्या आतल्या पिव्हटांवर येतो. शिवाय या रचनेत अर्धा शाफ्ट, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा शाफ्ट, हाच वरचा आर्म आहे. गाडीत बसावं म्हणून नुसता शाफ्ट कापून आखूड केला तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, बिघडतो. खालचा आर्मही त्याच हिशेबाने आखूड करावा लागतो.

पाटे अडकवलेल्या जागा मुळातच मजबूत असतात. नव्या सबफ्रेमचा (डिफरन्शियल आणि आर्म धरणाऱ्या चौकटीचा) भार शक्यतो तिथेच न्या. फोर्डने १९९९ च्या मस्टँग कोब्राला स्वतंत्र सस्पेन्शन दिलं तेव्हा त्याची सबफ्रेम लाइव्ह ॲक्सलच्याच माउंटिंगवर बसेल अशी केली. भार पत्र्यावर टाकावाच लागला, तर आतून-बाहेरून जाड प्लेट लावा आणि तो बॉडीच्या बॉक्स सेक्शनपर्यंत, म्हणजे पेटीसारख्या पोकळ मजबूत भागापर्यंत पोचवा.

कापल्यानंतर मोजणं

ग्राइंडर हातात घेण्यापूर्वी गाडी सपाट जमिनीवर, स्टँडवर, चारही बाजूंनी समपातळीत हवी. मध्यरेषा आणि जुन्या चाकांची केंद्रं जमिनीवर ओळंब्याने उतरवून खूण करा. एकदा जुना ॲक्सल निघाला की मागचं चाक नेमकं कुठे होतं हे सांगणारं काहीच उरत नाही. सबफ्रेम आधी टॅक करा (छोट्या ठिपक्यांनी तात्पुरती वेल्ड करा), कर्ण मोजा, मगच पूर्ण वेल्ड. वेल्डच्या उष्णतेने पत्रा ओढला जातो, म्हणून डावी-उजवी बाजू आलटून-पालटून करा. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी त्याआधीच बाहेर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली एक मिनिटही जाऊ नका.

अर्ध्या शाफ्टची लांबी उभ्या गाडीवर ठरवणं

ही चूक सर्रास होते. गाडी उभी असताना शाफ्ट छान बसतो; मोठ्या खड्ड्यात आतल्या जॉइंटची सरकायची जागा संपते आणि शाफ्ट डिफरन्शियलवर आदळतो, किंवा चाक लोंबकळल्यावर जॉइंट सुटायला येतो. स्प्रिंग काढा, जॅकने चाक अगदी वरपासून अगदी खालपर्यंत न्या, आणि दर दहा मिलिमीटरला तीन गोष्टी लिहा: जॉइंटमध्ये उरलेली जागा, कॅम्बर, टो (चाक पुढून आत वळलंय की बाहेर). जॉइंट दोन्ही टोकांना न टेकता मोकळा राहिला पाहिजे.

त्याच कागदावर टोचे आकडे नीट वाचा. चाक वर जाताना पुढून बाहेर उघडत असेल, तर वळणात बाहेरचं, भार आलेलं चाक गाडीची शेपटी बाहेर ओढेल. हे रस्त्यावर अंगावर येतं. आर्मच्या पिव्हटची उंची सुधारल्याशिवाय पुढे जाऊ नका. अलाइनमेंटवाला फक्त उभ्या गाडीचा टो दुरुस्त करू शकतो, हालचालीतला नाही.

जुन्या कडकपणाचेच स्प्रिंग घेणं

ॲक्सलवरचा पाटा जवळपास चाकाइतकाच हलतो. आर्मच्या मध्यावर बसवलेला स्प्रिंग कमी हलतो, आणि चाकापाशी जाणवणारा कडकपणा त्या प्रमाणाच्या वर्गाने घटतो. स्प्रिंग चाकाच्या ०.७ पट हलत असेल तर ५० न्यूटन प्रति मिलिमीटरचा स्प्रिंग चाकाला फक्त २४.५ चा वाटतो. गाडी मागून बसते, आणि दोष शॉकॲब्सॉर्बरला दिला जातो.

वळणावर जास्त कलण्याचं कारण वेगळं असू शकतं. पाट्यांच्या ॲक्सलचं रोल सेंटर, म्हणजे बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो, साधारण ॲक्सलच्याच उंचीला असतं, स्वतंत्र सस्पेन्शनचं बहुधा जमिनीजवळ. अशा वेळी स्प्रिंग कडक करत सुटू नका. मागे बारीक अँटी-रोल बार (दोन्ही चाकं जोडून कलणं रोखणारा दांडा) लावून बघा.

चाक लोंबकळताना बुश आवळणं

आर्मच्या पिव्हटमधला रबरी बुश सरकत नाही, पिळतो. गाडी हवेत असताना बोल्ट घट्ट केले, की गाडी जमिनीवर येताच सगळे बुश पिळलेल्या अवस्थेत राहतात. गाडी उंच उभी राहते आणि बुश लवकर फाटतात. बोल्ट बोटाने लावा, गाडीचा भार चाकांवर येऊ द्या, मग आवळा. पाच मिनिटांचं काम, पण जवळजवळ कुणी करत नाही.

प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेक

पाट्यांवरच्या ॲक्सलला पिनियनचं नाक मुद्दाम थोडं खाली ठेवतात, कारण जोर लागला की ते वर येतं. बॉडीला बांधलेलं डिफरन्शियल इतकं हलत नाही, त्यामुळे जुना कोन इथे चालत नाही. गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट आणि पिनियन समांतर ठेवा. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्स ते डिफरन्शियल जोडणाऱ्या शाफ्टच्या) दोन्ही टोकांच्या क्रॉसचे, म्हणजे वळणाऱ्या जॉइंटचे कोन सारखे हवेत, साधारण १ ते ३ अंश. शून्यही नको, सुई-बेअरिंग फिरलीच नाहीत तर एकाच जागी खाचा पडतात.

ड्रमऐवजी डिस्क आल्या तर मागच्या लाइनमधला दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह काढा, नाहीतर पॅड डिस्कला घासत राहतील. पूर्वी ॲक्सलला एकच लवचीक होज पुरायचा, आता ब्रेक चाकांपाशी असतील तर दोन्ही चाकांना वेगळा लागतो. जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होत असतील तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नका. आधी मागचा दाब कमी करा. क्राउन-पिनियनचं गुणोत्तर बदललं असेल तर गिअरबॉक्सवरून चालणारा स्पीडोमीटरही चुकीचा दाखवेल.

लक्षणावरून दोष

वेग घेतानाच मागून थरथर जाणवते आणि पाय काढला की थांबते: आधी क्रॉसचे कोन आणि डिफरन्शियलच्या नाकाचं माउंटिंग तपासा. ठरावीक वेगावर सतत घोंघावतं: प्रोपेलर शाफ्टचा बॅलन्स. क्लच सोडताच एकच ठोका ऐकू येतो: मागचं माउंटिंग, नाहीतर सैल स्प्लाइन (शाफ्टची दातेरी जोडणी). टायर आतून झिजतात: टो-आउट किंवा जास्त निगेटिव्ह कॅम्बर. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना गाडी दिशा बदलते: आर्मचे बुश मऊ आहेत किंवा सबफ्रेम हलते आहे. ही शेवटची तक्रार कधीही पुढे ढकलू नका.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा वर घ्या. आवळताना प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ मारून ठेवलेली असली की कोणता हलला ते लगेच दिसतं. माउंटिंगच्या प्लेटांभोवतीचा रंगही टॉर्च मारून बघा. केसासारखी बारीक चीर दिसली तर तिथला भार आणखी पसरवायला हवा. चिरेवर नुसता वेल्ड फिरवला तर ती शेजारी पुन्हा उघडते.