उसाच्या हंगामाआधी: ट्रकच्या हवेवर गन चालवायची तयारी

खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडायच्या आत हे सगळं उरकून घ्यायचं. निपाणी-चिकोडीकडं एकदा फड लागले, की पंक्चर ट्रॉली, ढिला झालेला स्प्रिंगचा पाटा, पाल्यानं गच्च भरलेला रेडिएटर, सगळं फडाच्या कडेला आपली वाट बघत उभं असतं. तिथं ना लाईट, ना हवेवाल्याचं दुकान. आपल्याकडं असतो तो ट्रकच्या इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर. ब्रेकसाठी तो दिवसभर हवा भरतच असतो, मग त्याच हवेवर नट खोलायची-आवळायची गन, ग्रीसपंप आणि धूळ उडवायची फुंकणी का चालवू नये, हा विचार कुणालाही सुचतो. चालतात, पण ती हवा आधी ब्रेकची, मग आपली. भरलेली गाडी तवंदी घाट उतरताना टाकीत काय शिल्लक आहे, ते आदल्या तासाला रस्त्याकडेला आपण काय केलं त्यावर ठरतं.

म्हणून सुरुवात गन घेण्यापासून करू नका, कॉम्प्रेसरपासून करा. तो किती सीसीचा आहे ते पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात बघा. समजा 225 सीसी आहे आणि इंजिनाच्याच वेगानं फिरतो. 700 आरपीएमच्या आयडलला मिनिटाला दीडशे लिटरची हालचाल होते, आणि दाब चढलेला असताना त्यातली शंभरेक लिटर पदरात पडली तरी चांगली. आता अर्धा इंची गन घ्या. खोक्यावर 4-5 सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला साधारण 110 ते 140 लिटर, पण तो थांबत थांबत वापरण्याचा हिशोब असतो. ट्रिगर दाबून धरला की खप त्याच्या तीन-चार पट होतो. शेजारी 40 लिटरची टाकी बसवली आणि ती 8 बार दाबावरून 6 वर आली, तर हाती आलेली हवा 80 लिटर. म्हणजे सलग दहाएक सेकंदांचा ट्रिगर, संपला विषय. ट्रॉलीचे नट, बॉडीचे बोल्ट, पाट्याचे क्लॅम्प एवढ्यात निघतात. ट्रकच्या मागच्या चाकाचे नट या हवेवर उघडायचा नाद करू नका. त्याला एक इंची गन लागते आणि तिची भूक हा कॉम्प्रेसर भागवू शकत नाही. तिथं पान्याला लांब पाईप घालून अंगावर घेणंच बरं.

हवा कुठून काढायची, यावर घाई नको. हवेतलं पाणी काढणाऱ्या ड्रायरच्या पुढं, हवा वेगवेगळ्या कामांना वाटून देणारा चार वाटांचा प्रोटेक्शन व्हॉल्व असतो, काही नव्या गाड्यांत तो ड्रायरलाच जोडून येतो. त्याच्या तोंडांवर आकडे कोरलेले असतात. 21 आणि 22 पुढच्या-मागच्या ब्रेकचे, त्यांना हात लावायचा नाही. 24 ही जादाच्या कामाची वाट: हॉर्न, एक्झॉस्ट ब्रेक, काही गाड्यांत क्लच बूस्टर. आपली लाईन तिथूनच, आणि ब्रेकचं काम जाणणाऱ्या मेकॅनिककडूनच. गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्या, मग पाना लावा.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. पहिल्या वर्षी आम्ही ब्रेकच्या टाकीच्या निपलवरच फाटा काढायची टी मारली होती. एका वेल्डिंगवाल्यानं दहा मिनिटांत करून दिलं, आम्ही खूश. नळी जोडायच्या कपलरची वायसर रात्रभर हळूहळू हवा सोडत राहिली. पहाटे हवेचा काटा तळाला, हवा गेली की आपोआप लागणारे स्प्रिंग ब्रेक आवळलेले, गाडी अरुंद पाणंदीत आडवी आणि मागं उसाच्या ट्रॉल्यांची रांग. इंजिन चालू करून काटा वर चढेपर्यंत जे ऐकून घ्यावं लागलं, ते अर्धं मराठीत होतं आणि अर्धं कन्नडमध्ये.

24 वरून निघालेल्या लाईनवर आधी हाताचा कॉक, मग दाब साधारण 6 बारच्या खाली गेला की आपोआप बंद होणारा व्हॉल्व, मग हवा उलटी येऊ न देणारा एनआरव्ही आणि मग जादाची टाकी, हा क्रम मोडायचा नाही. टाकीला स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व आणि तळाला ड्रेन कॉक हवाच. टाकी जुन्या ट्रकची चालेल, पण आतला गंज बघून. डाग दिलेली, पॅच मारलेली टाकी फुकट मिळाली तरी घेऊ नका, आणि गॅसच्या जुन्या सिलिंडरची टाकी करून देणारे भेटतात त्यांना लांबूनच नमस्कार. टाकीच्या पुढं पाण्याचा फिल्टर आणि 90 पीएसआयला, म्हणजे 6.2 बारला लावलेला रेग्युलेटर. गनच्या वाटेवर तेलाची बाटली बसवा, पण टायरात हवा भरायची नळी तिच्या आधी फोडून घ्या. ट्यूबमध्ये तेल जाता कामा नये. नळी आतून 10 मिलिमीटरची तरी हवी. बारीक निळी गुंडाळीची नळी दिसायला छान असते, पण तिच्या दुसऱ्या टोकाला गन नुसती कुरकुरते. हे सगळं फिटिंग बेळगावच्या उद्यमबागेत एका फेरीत मिळतं.

आता ज्यात सगळे चुकतात ते. टाकी भरली की ड्रायरमधून 'फुस्स' होतं. कॉम्प्रेसर सुटला, आता त्याच्यावर भार नाही, आणि त्याच झटक्यात ड्रायर आतलं साठलेलं पाणी बाहेर टाकून स्वतः कोरडा होतो. आपण गन सलग चालवत राहिलो, तर दाब वरपर्यंत पोचतच नाही आणि फुस्स होतच नाही. कॉम्प्रेसर तापतो, तापला की तेल वर ढकलतो, ड्रायर भिजलेलाच राहतो, आणि ते ओलं तेलकट वारं फक्त गनमध्ये नाही, ब्रेकच्या टाक्यांतही जातं. म्हणून आमच्या गाडीवर एकच नियम आहे: फुस्स ऐकल्याशिवाय पुढचा नट नाही. गिऱ्हाईक घाई करतं, करू दे. आयडल थोडा चढवून 1,100-1,200 आरपीएमवर ठेवला तर वाट कमी बघावी लागते. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाच्या दोन्ही बाजूंना ठोकळे, आणि क्लीनर केबिनमध्ये काट्यावर डोळा ठेवून. पत्र्याच्या बंद शेडात हे करू नका, धूर कोंडतो.

हंगामाआधी एकदा ड्रेन कॉकखाली पांढरा कागद धरा. नुसतं थोडंसं पाणी उडालं तर ठीक. काळपट, बोटाला चिकटणारा थर दिसला तर कॉम्प्रेसरच्या रिंगा आणि ड्रायरचं कार्ट्रिज दोन्ही बघून घ्यायची वेळ झाली, मग गनचा बेत पुढं ढकला. खानापूरकडं पावसाळा काढलेल्या गाडीला तर हे चुकवूच नका. लिकेजसाठी साबणाचं पाणी, आणि दोनदा परीक्षा: काटा 8 ला चढवून इंजिन बंद, एकदा कॉक बंद ठेवून अर्धा तास, एकदा उघडा ठेवून अर्धा तास. पहिल्यात काटा पडला तर दोष गाडीचा, दुसऱ्यातच पडला तर आपल्या जोडणीचा.

पेटीत काळे इम्पॅक्ट सॉकेट घ्या, चकाकणारे हाताच्या पान्याचे नकोत, ते गनवर फुटतात. चष्मा, जादा वायसर, टेफलॉन टेप, दोन कपलर आणि शेवटच्या आवळणीला टॉर्क पाना. गननं नट फक्त बसवायचा. टायरचं म्हणाल तर गाडीचा कटआउट, म्हणजे कॉम्प्रेसर सुटायचा दाब, 8 बार असेल तर 116 पीएसआयच्या वर हवा जाणारच नाही, त्यापेक्षा जास्त मागणाऱ्या टायरवाल्याला आधीच सांगून टाका. आणि फुंकणीनं अंगावरची धूळ झाडायची सवय पोरांना लागू देऊ नका.

गाडी निघायच्या आधी कॉक बंद, नळीतली हवा सोडलेली, नळी गुंडाळलेली. हे आम्ही दाराच्या आतून ऑइल पेंटनं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ठेवलंय. हंगामात स्टेअरिंगवर कोण बसेल याचा भरवसा नसतो, आणि 'गाळी कडिमे', म्हणजे हवा कमी, म्हणून फोन आला की ते कळायला दुभाषा लागत नाही.