जाळ्यात व्हेल शार्क आला तर: सोडवणूक आणि भरपाई

जाळे एकाएकी जड झाले आणि पाण्यात पांढऱ्या ठिपक्यांची करडी पाठ दिसली, की आधी इंजिन न्यूट्रलला टाकावे. पंखा लागला तर मासा गंभीर जखमी होतो. इतर बहुतेक मुश्यांचे (शार्कचे) तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला असते, याचे थेट पुढच्या टोकाला. हा चावत नाही, प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळून खातो. जपायचे ते शेपटीच्या फटकाऱ्याला.

घेर घातलेल्या जाळ्यात बोयांची (तरंगांची) दोरी एका बाजूला पाण्याखाली दाबून पाहावी, कधी कधी मासा वरूनच निघून जातो. नाहीच गेला तर कापायला लागावे. सुरुवात गलफडांपासून. दोन्ही कुशींवरच्या पाच-पाच फटी मोकळ्या झाल्या की त्याला श्वास मिळतो. मग छातीजवळचे पर, शेपूट अगदी शेवटी. ती आधी सुटली तर तो फिरतो आणि स्वतःला आणखी गुंडाळून घेतो. सुरीची धार माशापासून बाहेरच्या बाजूला धरावी.

सर्वांत मोठी चूक म्हणजे शेपटीला दोर बांधून ओढणे. तोंडातून आत येऊन गलफडांतून बाहेर पडणारे पाणी उलटे वाहू लागते आणि मासा गुदमरतो. फळीवर किंवा वाळूवर घेणेही तितकेच वाईट. याचा सांगाडा कूर्चेचा, पाण्याबाहेर आतले अवयव स्वतःच्याच वजनाखाली दबतात.

भरपाईच्या पुराव्यासाठी एक खलाशी सुरुवातीपासून मोबाईल धरून उभा हवा. चित्रणात जाळ्यातला मासा, नौकेचा क्रमांक, कापणे आणि मासा पोहत जाणे सलग दिसावे. लोकेशन चालू ठेवावे. कापलेले तुकडे समुद्रात सोडू नयेत, तेच पुढे दुसऱ्या माशाला अडकवतात आणि नुकसानीचा पुरावाही जातो.

महाराष्ट्रात मत्स्यव्यवसाय विभाग आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या योजनेत (डिसेंबर २०१८ पासून) संरक्षित प्राणी सोडवताना कापलेल्या जाळ्यासाठी जास्तीत जास्त २५,००० रुपये मिळतात. अर्ज मत्स्यव्यवसाय कार्यालयात लवकर द्यावा. नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना, बँक पासबुक जवळ असू द्यावे. मोठ्या जाळ्याचा सगळा खर्च त्यात निघत नाही, म्हणून कमीत कमी कापणे मच्छीमाराच्याही फायद्याचे.

मासा मेलेला आढळला तरी तो विकता येत नाही, तुकडे करता येत नाहीत. २८ मे २००१ पासून तो वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे; शिकारीला किमान ३, कमाल ७ वर्षे कैद आणि दंड आहे. अशा वेळी वनविभागाला तात्काळ कळवावे.