काट्याचा नायटा: गाडीचं ॲव्हरेज मोजताना या चुका टाळा

टाकी फुल्ल केली की पहिले पाऊणशे किलोमीटर काटा जागचा हलत नाही. मालक खूश. पुढच्या पाऊणशेमध्ये तोच काटा भराभर खाली येतो आणि घरात चर्चा सुरू होते: पेट्रोल चोरीला गेलं का, टाकी गळते का, आत पाणी झालं का? छोट्या गाडीत हे जास्त जाणवतं, कारण टाकीच ३५-४० लिटरची. काटा त्याच्या जाडीएवढा सरकला तरी लिटरभर पेट्रोल इकडचं तिकडे होतं. बहुतेक वेळा चोरी नसते, गळती नसते आणि पाणी तर नसतंच. गाडी धडधाकट असते, चुकलेलं असतं ते मोजमाप.

काट्याला मोजपट्टी समजणं

टाकीच्या आत एका दांडीच्या टोकाला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, असतो. पेट्रोल उतरलं की फ्लोट उतरतो, दांडी फिरते आणि तिच्या दुसऱ्या टोकाचा संपर्क रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकतो. करंट बदलतो, काटा हलतो. म्हणजे काटा लिटर मोजत नाही, पेट्रोलची उंची मोजतो. टाकी सरळसोट चौकोनी डबा असती तर उंची मोजून लिटर कळले असते. पण छोट्या गाडीत ती मागच्या सीटखाली, एक्झॉस्टचा पाइप चुकवत, जागा मिळेल तशी बसवलेली असते. कुठे फुगीर, कुठे चपटी. त्यामुळे काट्यावरचा वरचा पाव आणि खालचा पाव यांत सारखंच पेट्रोल असेल, असं नाही.

शिवाय टाकी काठोकाठ भरली की फ्लोट वर अडतो. त्याच्याही वर चढलेलं पेट्रोल त्याच्या हिशेबातच येत नाही. ते संपेपर्यंत काटा फुल्लवर. पहिल्या पाऊणशे किलोमीटरची जादू ती एवढीच.

काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, नाहीतर प्रत्येक वळणावर नाचला असता. म्हणून वाचायचाच तर गाडी सपाट जागी उभी करून, मिनिटभर थांबून वाचा. चढावर लावलेल्या गाडीचा काटा पाहून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका.

खरा बिघाड वेगळा दिसतो. ठरावीक पातळीवर आला की काटा दर वेळी कोसळतो आणि थोड्या वेळाने पुन्हा उठतो, तेव्हा पट्टी झिजलेली असते किंवा संपर्कावर पेट्रोलमधल्या गंधकाचा थर बसलेला असतो. माझ्या जुन्या गाडीचा काटा पावाच्या खाली जायचाच नाही. मी त्याला गाडीचा मोठेपणा समजत होतो. रस्त्यात पेट्रोल संपलं तेव्हाही काटा पावावरच होता. फ्लोटची दांडी वाकलेली निघाली.

एकदाच भरून निकाल लावणं

‘दहा लिटर टाकलं, दिवा लागेपर्यंत चालवलं, भागिले दहा’ ही पद्धत सोडा. रिझर्व्हचा दिवाही त्याच हलत्या पातळीवर लागतो, त्यामुळे लिटरभर मागेपुढे सहज होतं. दहा लिटरमध्ये एक लिटरची चूक म्हणजे १० टक्के. एवढ्यावरून लोक मेकॅनिक बदलतात!

टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजा. ऑटो कट झाला की थांबायचं, किलोमीटर लिहून ठेवायचे. पुढच्या वेळी पुन्हा ऑटो कटपर्यंत भरायचं. तेव्हा जेवढे लिटर बसले तेवढेच मधल्या प्रवासात जळले. नोझल वेगळा असेल, गाडी जराशी कललेली असेल, तर इथेही फरक पडतो. म्हणून असं तीन-चार वेळा करून किलोमीटरच्या एकूण बेरजेला लिटरच्या एकूण बेरजेने भागा. डिस्प्लेवरचा आकडा इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) किती वेळ उघडा होता यावरून काढलेला अंदाज असतो, आणि तो सहसा मालकाला खूश करणाराच असतो.

किलोमीटरही डोळे झाकून घेऊ नका. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. ती २ वर आली की चाकाची त्रिज्या ६ मिलिमीटरने घटते. छोट्या चाकाला हा दोन टक्क्यांचा फरक. म्हणजे गाडी ९८ किलोमीटर चालते आणि मीटर १०० दाखवतो.

ऑटो कटनंतरही ‘अजून थोडं’ म्हणणं

टाकीच्या वरची मोकळी जागा पेट्रोलच्या वाफेसाठी राखलेली असते. ही वाफ त्यासाठीच गाडीत बसवलेल्या कोळशाच्या डब्यात शोषली जाते आणि नंतर इंजिनात जळते. वरून ठासून भरलं तर त्या डब्यात वाफेऐवजी पेट्रोलच शिरू शकतं आणि कोळसा निकामी होतो.

टाकीत रोज रात्री पाणी साचतं, असं मानणं

याचा हिशेबच करू. ३० अंश तापमानाच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे साधारण ३० ग्रॅम पाण्याची वाफ असते. रात्री पारा १५ वर आला तर १३ ग्रॅम टिकते, बाकीची दव होऊन पडते. आता ४० लिटरची टाकी साफ रिकामी आहे आणि आतली हवा काठोकाठ दमट आहे असं धरा. पाणी किती? सुमारे ०.७ ग्रॅम. चौदा-पंधरा थेंब.

मग हे रोज होत नाही का? त्यासाठी आतली हवा रोज बदलावी लागेल. १५ अंशांच्या चढउतारात हवा जेमतेम पाच टक्के फुगते-आकसते, म्हणजे दोन लिटर हवा आतबाहेर. तिच्यातलं सगळं पाणी पिळून काढलं तरी थेंबभर. पेट्रोल संपतं तशी बाहेरची हवा आत येते हे खरं, पण अख्खी टाकी संपेपर्यंत येणारी हवाही टाकीएवढीच, म्हणजे हिशेब तोच. ४० लिटरमागे ग्रॅमभर पाण्याने ॲव्हरेज घसरत नाही.

पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असेल तर तेवढं पाणी त्यातच विरघळून जळूनही जातं. १५ अंशाला अशा मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी मावतं, म्हणजे ४० लिटरमध्ये २०० मिलिलिटर. त्यापुढे मात्र इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात, नेमकं पंप जिथून ओढतो तिथे. आणि हो, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे दहा टक्क्यांच्या मिश्रणावर ॲव्हरेज तीनेक टक्के कमी येणारच. त्याचं खापर दवावर फोडू नका.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, त्यात जुनी पत्र्याची टाकी असेल, तर मात्र टाकी भरून ठेवणं शहाणपणाचं. पत्र्याला गंज लागायला थोडा ओलावाही पुरतो.

टाकीत खरोखर पाणी निघालं तर दव सोडून दुसरीकडे शोधा: झाकणाचं रबर कडक होऊन चिरलंय का, झाकणाभोवतालच्या खोबणीतून पाणी वाहून जायचं भोक चिखलाने बुजलंय का, की भरलेलं इंधनच भेसळीचं होतं. पेट्रोल भरल्याबरोबर गाडी झटके देऊ लागली, सकाळी सुरू होईना, तर स्टार्टर मारत बसू नका. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशीच असतं. टाकी उपसून साफ करायला सांगा. डिझेल गाडीच्या फिल्टरमध्ये पाणी साचायला वेगळी जागा असते, ती वेळोवेळी रिकामी करायची असते आणि बहुतेकांच्या ती लक्षातच नसते.

आणि खरंच ॲव्हरेज घसरलं असेल तर

टायरची हवा गार चाकांवर तपासा. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका: गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल जवळपास बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला जाळावं लागतं. एअर फिल्टरच्या मागे लागू नका. इंजेक्शनच्या आधी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या काळात तो ॲव्हरेज खायचा, आता फार तर पिकअप खातो. खरे संशयित दोन. पहिला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप. तो उघडा अडकला तर इंजिन गारच राहतं आणि जास्त पेट्रोल मागत राहतं. अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येत नसेल तर तिथे बघा. दुसरा ब्रेक. वीसेक मिनिटं चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ तळहात न्या, टेकवू नका. एखादंच चाक त्याच्या जोडीच्या चाकापेक्षा फार तापलेलं वाटलं, तर तिथला ब्रेक धरून बसलाय आणि तुमचं पेट्रोल तिथे जळतंय.