अर्जातली माहिती सर्व्हरवर तपासताना

वेब डेव्हलपमेंटमध्ये नव्याने आलेल्यांना मी आधी एक प्रयोग करायला सांगतो: स्वतः तयार केलेला फॉर्म ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये उघडावा, 'रिक्वायर्ड' (रकाना भरणे सक्तीचे) आणि 'मॅक्सलेंथ' (कमाल लांबी) हे गुणधर्म काढून टाकावे आणि तो रिकामाच पाठवून पाहावा. ब्राउझरमधली तपासणी भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते. कर्ल हे ब्राउझरशिवाय चालणारे साधन वापरून थेट विनंती पाठवणाऱ्याला ती आडवी येतच नाही. म्हणून माहिती स्वीकारायची की नाही, हे सर्व्हरनेच ठरवायला हवे. लपवलेल्या रकान्यातून आलेली शुल्काची रक्कमही त्याने ग्राह्य धरू नये. ती डेटाबेसमधूनच काढावी.

हे पटायला वेळ लागत नाही. कस लागतो तो नियम लिहिताना. पिनकोड सहा अंकी असतो आणि शून्याने सुरू होत नाही, एवढे पुरेसे वाटते. पण कोणी '४११०३०' असे देवनागरीत भरले, तर पायथन भाषेतले 'इंट' हे फंक्शन त्याची संख्या करून देते आणि जावास्क्रिप्टचे 'नंबर' मात्र ते नाकारते. त्यामुळे अंक आधी एका लिपीत आणावेत, मग तपासावेत.

नावाचा रकाना सर्वांत नाजूक. 'फक्त अक्षरे चालतील' हा नियम प्रवेशअर्जांच्या कामात मला वारंवार दिसला आहे. सगळी अक्षरेच आहेत का, हे सांगणाऱ्या पायथनच्या 'इजअल्फा'ला 'सीमा' हे नाव दिले तर उत्तर नकारार्थी येते, कारण युनिकोड या लिपिचिन्हांच्या मानकात काना आणि वेलांटी यांची नोंद अक्षरे म्हणून नव्हे, तर जोडचिन्हे म्हणून आहे. मजकुराचा नमुना तपासणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये अक्षरांसोबत जोडचिन्हांचा गट घेतला की सीमाचा अर्ज पुढे सरकतो, तरीही गोऱ्हे आडनावाची व्यक्ती अडकू शकते. त्यातला अर्धा र कधी कधी झिरो विड्थ जॉइनरसह टाइप होतो आणि ते अदृश्य चिन्ह या दोन्ही गटांत मोडत नाही. लांबी मोजतानाही पीएचपी भाषेतले 'स्ट्रलेन' यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेल्या 'सीमा'ला १२ म्हणते, कारण ते बाइट मोजते. चिन्हे मोजणारे 'एमबी-स्ट्रलेन' ४ सांगते.

नावावर कमाल लांबीची मर्यादा घालावी, नवी ओळ, टॅब यांसारखी नियंत्रण चिन्हे नाकारावीत आणि बाकी काही अडवू नये, असे माझे ठाम मत आहे. एसक्यूएल इंजेक्शनच्या, म्हणजे रकान्यातून डेटाबेसला आज्ञा घुसवण्याच्या हल्ल्याच्या, भीतीने अवतरणचिन्हे गाळण्याचे कारण नाही. त्यासाठी आज्ञा आणि माहिती वेगळी ठेवणाऱ्या पॅरामीटराइज्ड क्वेरी आहेत.

ईमेल आधी नोंदलेला आहे का, हे केवळ कोडमध्ये विचारले तर एकाच क्षणी आलेले दोन अर्ज सुटून जातात, म्हणून डेटाबेसमध्ये तेच मूल्य दुसऱ्यांदा न घेणारा युनिक इंडेक्स हवाच. अर्ज नाकारला तर भरलेली माहिती जशीच्या तशी परत दाखवावी आणि 'अवैध माहिती' असे न म्हणता, त्या रकान्याशेजारी 'पिनकोड सहा अंकी लिहा' असे सांगावे.